दीड तोळ्यात दशावतार

"वजनाला हलका पाहिजे, पण दिसायला भरगच्च."

कोल्हापूरच्या गुजरीत आमच्या पेढीची पायरी चढणाऱ्या माणसाचं हे पहिलं वाक्य असतं. चप्पल काढायच्या आधीचं, कधी कधी तर नमस्काराच्याही आधीचं. गिऱ्हाईक ऊसवाला असो, प्राध्यापक असो, नाहीतर नुकत्याच निवडून आलेल्या सरपंचबाई असोत, मागणी तीच. ठुशी पाच ग्रॅमची हवी, पण लांबून दोन तोळ्यांची वाटली पाहिजे. लांबून म्हणजे नेमकं किती लांबून, असं अण्णांनी एकदा एका बाईंना विचारलं. बाईंनी जराही वेळ न लावता सांगितलं, "जाऊबाई बसतात तिथनं."

आम्ही ऑर्डरचा माल करतो. काचेच्या कपाटात तयार दागिने मांडून, एसी सोडून, दारात बंदूकवाला उभा करून विकणाऱ्यांतले आम्ही नव्हे. आमच्याकडे गादी आहे, गादीवर अण्णा म्हणजे माझे वडील, अण्णांच्या पुढ्यात काटा, वर माळ्यावर बंगाली कारागीर आणि या सगळ्यांच्या मधल्या जिन्यावर मी. माझं काम काय ते मला अजून नीट सांगता येत नाही. मला डाग देता येत नाही, तार ओढता येत नाही आणि कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेत अण्णांना जिथे कॅरेट दिसतं तिथे मला फक्त रेघ दिसते. कारागीर मला आदराने 'मालिक' म्हणतो आणि मी माळ्यावर पाऊल ठेवलं की मुशीपासून चिमट्यापर्यंत सगळं माझ्या हाताला लागणार नाही असं सरकवून ठेवतो. पण बी.कॉम. झालेला असल्यामुळे आणि चेहरा मुळातच दिलगीर असल्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलायचं खातं माझ्याकडे आहे. म्हणजे तारखा द्यायचं.

आता साजाचंच बघा. कोल्हापुरी साजाला परंपरेनं 21 पानं. दहा पानांवर विष्णूचे दहा अवतार, आठांवर अष्टमंगल, एक माणकाचं, एक पाचूचं आणि उरलेलं एक डोरलं. मध्ये मध्ये जवमणी. पन्हाळ्याकडचे एक पाहुणे लेकीच्या लग्नाचा साज करायला सहकुटुंब आले. बजेट पक्कं करूनच आले होते, दीड तोळा. त्यावर एक गुंज नाही.

अण्णा म्हणाले, "दीड तोळ्यात एकवीस पानं काढायची म्हणजे पत्रा लई पातळ होणार बघा. पोरीला शिंक आली तरी वराह वाकडा व्हायचा."

पाहुण्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "मग अवतार कमी करूया की."

"कुठला कमी करायचा?"

"मत्स्य, कूर्म राहू देत. लई जुनं झालं ते."

त्यांच्या सौभाग्यवतींनाही आता रंग चढला. "नरसिंह नको बाई, मंगल कार्यात. आणि परशुराम कशाला? लग्नाच्या घरात रागीट माणूस नको. वामन मात्र ठेवा. तसा बारकाच हाय त्यो, सोनंबी कमी लागंल."

राम आणि कृष्ण यांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी गाडी कल्कीपाशी आली आणि पाहुण्यांचा चेहरा उजळला. "ह्यो तर अजून झालाच न्हाई नव्हं? मग त्याचं पैसं आत्ताच कशाला? झाला की घालू."

अण्णांनी निर्विकारपणे वहीत लिहिलं, 'साज, कल्की नंतर'. पुढे तो साज सव्वादोन तोळ्यांचा झाला, दहाही अवतारांसकट. घरी गेल्यावर मुलीच्या आजीनं सगळ्यांना ओळीनं उभं करून सुनावलं म्हणे, आणि त्यातला नरसिंह तिनं स्वतःच करून दाखवला.

हल्ली मागणीबरोबर फोटोही येतो. फोटोत मालिकेतली सून असते. ती झोपेतून उठलेली असते, स्वयंपाक करत असते, नाहीतर आयसीयूबाहेर रडत असते, पण गळ्यात पाच पदर. बाई मोबाइल नाकासमोर धरतात आणि म्हणतात, "अस्साच करा. पण जरा वेगळा." मग दोन बोटांनी फोटो मोठा मोठा करत नेतात, इतका की पडद्यावर नुसते पिवळे चौकोन उरतात. एकदा मी बराच वेळ त्या चौकोनांचा अभ्यास करून विचारलं, "ही मधली नक्षी कसली आहे? वेलबुट्टी का?" त्या म्हणाल्या, "तिचं बोट आहे ते." 'जय मल्हार' मालिका जोरात होती तेव्हा बानूची नथ घडवता घडवता कारागिराचे डोळे नथीच्या आकाराचे झाले होते. त्याला बानू कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. एवढ्या बायकांवर ज्या बाईचा वचक आहे ती आमदार असणार, अशी त्याची समजूत होती.

घ्यायला येणाऱ्यांपेक्षा भाव विचारायला येणारे जास्त. अंबाबाईचं दर्शन झालं की तीर्थ, अंगारा आणि सोन्याचा भाव या क्रमानं सगळं घेऊनच घरी जाणारी मंडळी आहेत. एक निवृत्त मास्तर न चुकता येतात, पायरीवरूनच विचारतात, "आज काय?" मी सांगतो. ते "हं" म्हणतात. त्या "हं"मध्ये भाव चढला तर दुःख असतं, कारण घ्यायचं राहिलं. आणि उतरला तरी दुःख असतं, कारण जे घेतलंय त्याची किंमत घटली. 2025 साली तोळ्यानं लाखाचा आकडा ओलांडला तेव्हा ते पायरीवर चक्क बसले. पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "बहिणीच्या लग्नात काय भावानं मिळत होतं माहितीय?" माहीत होतं. रोज सांगतात. सोनं घ्यायचं राहून गेलं असा एक आकडा प्रत्येकाला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ असतो, आणि तो ऐकून घ्यायचं आम्ही काहीही घेत नाही.

आमच्या घरातला असा आकडा वेगळा आहे. 1963 च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं आणि 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी केली. गावोगावच्या सोनारांच्या हातची कामं गेली, कित्येकांनी ऐरण उचलून ठेवली ती कायमची. आजोबांनी त्या काळात काय केलं हे घरात कुणी स्पष्ट सांगत नाही. विषय निघाला की आजी म्हणायची, "भजन करत होते." 1968 साली त्याचा रीतसर कायदा झाला, 1990 साली तो गेला, पण आजोबांच्या तोंडी '14 कॅरेट' ही शेवटपर्यंत शिवीच राहिली. शेजारच्या दुकानदारालासुद्धा ते रागावले की 'चौदा कॅरेटचा माणूस' म्हणायचे. आता कॉलेजच्या मुली येतात आणि मला म्हणतात, "काका, 14 कॅरेटमध्ये दाखवा ना, रोज वापरायला." ('काका' हा शब्द 24 कॅरेटचा असतो, त्यात काही भेसळ नसते.) 2025 पासून तर 9 कॅरेटच्या दागिन्यालाही हॉलमार्क मिळायला लागला. मोरारजींना जे कायद्यानं जमलं नाही ते भावानं करून दाखवलं. आजोबांच्या फोटोकडे बघायची मला हल्ली भीती वाटते.

हॉलमार्कचं प्रकरण निराळंच. 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा आकडी-अक्षरी खूण सक्तीची झाली. चांगलं झालं, लोकांना खात्री आली. पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ती सक्ती नाही, हे पटवताना माझी वाचा बसते. एका आजोबांना नाकातल्या चमकीवर खूण हवी होती. "आजोबा, अहो चमकी केवढी, सहा अक्षरं केवढी?" ते म्हणाले, "अक्षरं बारीक काढा." मी म्हटलं, "मग ती वाचणार कोण?" ते म्हणाले, "मी कुठं वाचणार? पण असली पाहिजेत." पुढे तेच आजोबा बिलावरचा तीन टक्के जीएसटी बघून खवळले आणि हळूच माझ्या कानाशी आले. "बिल कच्चं चालेल." सोनं मात्र पक्कं हवं होतं.

पण पेढीवरचा खरा थरार काट्याचा. जुन्या काळी गुंजांनी तोलत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. बाजारात तोळा आज 10 ग्रॅमचा असला तरी तो जुना तोळा 11.664 ग्रॅमचा होता, त्यामुळे आजीचे चार तोळे आणि नातीचे चार तोळे यांची गाठ पडली की अर्धा दिवस माझा त्यातच जातो. गुंजेचं बी गरीब होतं, वारा सुटला तरी हूं का चूं करत नसे. आताचा काटा मिलिग्रॅम दाखवतो आणि त्याला पंख्याचा वारा सोसत नाही. म्हणून वजन करताना पंखा बंद. मे महिना, लगीनसराई, गादीवर नऊ माणसं, वर माळ्यावर भट्टी पेटलेली आणि अण्णांचा आवाज, "पंखा!" मी बटण दाबतो. सगळे काट्याकडे वाकतात. शेवटचा आकडा दोनवर जातो, तीनवर येतो, परत दोनवर जातो. कुणी श्वास सोडत नाही. घ्यायला आलेला माणूस आकडा खाली यावा म्हणून मनातल्या मनात तो दाबत असतो. अर्ध्या तासानं तोच माणूस खिशातून जुनी मोड काढतो आणि आता त्याला आकडा वर जायला हवा असतो.

"मळ बसलाय यात," अण्णा म्हणतात.

"असू दे की. आमच्याच अंगचा हाय."

"कानातल्याला दोराबी गुंडाळलाय."

"दोरा रेशमी हाय, अण्णा."

अशाच एका दुपारी दोन जावा आणि एक नणंद सासूबाईंचा बटवा घेऊन आल्या. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. आमच्याकडे आता तपासायचं मशीन आहे, दागिना आत ठेवला की शुद्धतेचे टक्के पडद्यावर येतात. येईपर्यंत बायकांचं सगळं ठरलं होतं, फक्त पाटल्यांवर गाडी अडली होती. पाटल्या तिघींनाही हव्या होत्या. थोरली म्हणत होती, मी सेवा केली. धाकटी म्हणत होती, शेवटी माझ्याकडे होत्या. नणंद म्हणत होती, आई माझी होती. सासूबाई हयातभर ज्यांना बावनकशी म्हणत आल्या त्या पाटल्या मी मशीनमध्ये ठेवल्या. पडद्यावर जे उमटलं त्यात सोनं शोधावं लागत होतं, बहुतेक सगळं तांबंच.

पंखा बंदच होता. पहिली सावरली ती थोरली. "वन्सं, तुम्हीच घ्या. तुमच्यावर आईंचा जीव होता."

"नको गं, तू सेवा केलीस."

"धाकटीला द्या, तिच्याकडे होत्या शेवटी."

एवढं सौजन्य त्या घरात त्याआधी कुणी पाहिलं नसावं. मग बटव्याच्या तळाशी राहिलेले, काळपट पडलेले, पोरीबाळींना खेळायला दिलेले दोन वेल मी सहज ठेवून बघितले. ते 22 कॅरेटच्याही वर निघाले. तिघी एकदम म्हणाल्या, "हे मात्र आईंनी मला तोंडी दिले होते."

पाटल्या कधी बदलल्या आणि कशासाठी, ते अण्णांच्या जुन्या वहीत आहे. थोरल्या मुलाच्या इंजिनिअरिंगची फी होती. अण्णांनी वही काढली नाही. म्हणाले, "अरे, पंखा लाव. माणसं घामाघूम झाली."

आता माझ्या खात्याकडे वळू. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण मला भर पेढीवर ऐकवणारे गृहस्थ आडनावाने कुलकर्णी होते आणि सदऱ्यासाठी शिंप्याकडे भांडून परस्पर आमच्याकडे आले होते. त्यांच्या अंगठीची तारीख चुकली होती, हे खरं. पण तारीख देताना मी कुणाला फसवत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "कधी मिळेल?" मी म्हणतो, "मंगळवारी या." कुठला मंगळवार ते मी बोललेलो नसतो, त्यानं विचारलेलं नसतं. आमचा वायदाही लोकांना आवडतो तसाच घडवलेला असतो, वजनाला हलका आणि दिसायला भरगच्च. मंगळवारी तो आला की डाग सुटलेला असतो. पुढच्या मंगळवारी पॉलिशला गेलेला असतो. त्याच्या पुढच्या मंगळवारी हॉलमार्कला. माळ्यावर प्रत्यक्षात त्याचं सोनं अजून गुलाबी कागदाच्या पुडीतून बाहेरही आलेलं नसतं, पण कामाचे सगळे टप्पे मी तोंडी पुरे करून ठेवलेले असतात. कारागिराला नंतर फक्त हात चालवायचे.

त्यात दसरा. अख्ख्या महाराष्ट्राला ज्या दिवशी सोनं हवं असतं नेमक्या त्याच दिवसांत बंगालमध्ये दुर्गापूजा असते. इकडे नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग आमच्या पायरीपर्यंत येते आणि तिकडे आमचा माळा सगळाच्या सगळा हावडा गाडीत बसलेला असतो. त्याआधी सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा, त्या दिवशी हत्यारांना हात लावत नाहीत. मी गिऱ्हाइकांना सांगतो, "कारागीर देवीला गेलेत." गिऱ्हाईक म्हणतं, "देवी तर इथं समोर आहे." याला उत्तर नाही. अण्णा अशा वेळी कान टोचायचं काम काढतात. तान्ह्या बाळाच्या कानात सोन्याची तार गेली की जो गजर होतो त्यात तारखेचा विषय आपोआप बुडतो.

शहरातला प्रत्येक दुकानदार घंटागाडी आली की केर घेऊन धावतो. आम्ही दार लावून घेतो. आमचा केर हा माल आहे. कानशीचा कीस, बैठकीखालच्या सतरंजीची धूळ, कारागिरानं हात धुतलेलं पाणी, झाडणीचे तुटलेले हीरसुद्धा डब्यात जपून ठेवायचे. मग झारेकरी येतो, तो सगळं विकत घेतो, धुऊन गाळून त्यातलं सोनं काढतो. एरवी गिऱ्हाइकापुढे काटेकोर असणारे अण्णा त्या दिवशी ओळखू येत नाहीत.

झारेकरी डब्यात बोट फिरवून म्हणतो, "नुसती धूळ हाय, अण्णा."

"धूळ कुठली? सगळा कीस हाय त्यात."

"दोरंबी दिसत्यात."

"असू देत की," अण्णा म्हणतात, "पेढीचंच हायेत."

सौदा तुटेपर्यंत ताणतात, मग शेवटी "तू घरचाच" म्हणून सोडतात. जाताना झारेकरी कॅलेंडर मागून घेतो. कॅलेंडर आणि पाकीट यांपासून कुणाची सुटका नाही. तीन लाखांचा हार घेतलेल्या बाई गाडीपर्यंत जाऊन परत येतात आणि म्हणतात, "एक छोटं पाकीट जास्तीचं द्या ना, जाऊबाईंना." ज्यांना लांबून भरगच्च दिसायचं त्या याच जाऊबाई. हार दाखवायचा त्यांना आणि पाकीटही त्यांनाच.

राहता राहिलं आमचं घर. सोनाराच्या बायकोच्या गळ्यात काय आहे, यावर लग्नमंडपातल्या बायकांची नजर वधूआधी जाते. आणि आमच्या घरच्या ऑर्डरी वहीत सगळ्यात शेवटी, म्हणजे झारेकऱ्याच्याही नंतर. माझ्या बायकोची ठुशी आमच्या लग्नापासून मंगळवारी मिळणार आहे. तिनं वाट बघणं सोडून महाद्वार रोडवरून साडेतीनशे रुपयांचा एक ग्रॅम पॉलिशवाला हार आणला, भरगच्च, कमरेपर्यंत येणारा, आणि तो घालून एका कारखान्याच्या चेअरमनांच्या घरच्या लग्नाला गेली. चेअरमनबाईंनी तो हातात घेऊन बघितला. "वहिनी, घरचंच काम नव्हं?" बायको हसली आणि जेवणाच्या पंगतीकडे वळली. सोनाराच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा तो संयम होता.

दुसऱ्या दिवशी चेअरमनबाई मोबाइल घेऊन पेढीवर हजर. फोटोत माझी बायको, शेजारी जिलेबीचं ताट. "अस्साच. वेगळाबिगळा काही नको." अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग लावलं, फोटो बराच वेळ बघितला. "काम सुरेख आहे. कुणी केलं?" मी काट्याची काच पुसायला घेतली. अण्णांनी माळ्याकडे मान वळवून कारागिराला खाली बोलावलं. त्यानंही बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि प्रथमच माझ्याविषयी त्याच्या डोळ्यांत थोडा आदर दिसला.

"साडेचार तोळे तरी लागतील," अण्णा म्हणाले.

"इतके? वहिनींनी घातलावता तो तर फुलासारखा हलका लागला हाताला." चेअरमनबाई माझ्याकडे वळल्या. "त्याचं वजन किती हो?"

तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन पायरी चढली. प्रश्न तिच्याकडे गेला. तिनं डबा गादीच्या कडेला ठेवला, पदर सारखा केला.

"मला कुठलं माहीत?" ती म्हणाली. "घरच्या माणसांना कधी बिल देतात का हे?"